राजाचा गळ

दिवाळी अंकासाठी टीकालेख हवा, असे संपादकांनी कळविले. मी 'मत्स्यविनोदा'वर लिहितो असे सांगितले, तेव्हा त्यांना आनंद झाला. सणासुदीच्या अंकात विनोदी पुस्तकावर कुणीतरी लिहिणार, घरातली सारी मंडळी वाचतील, असा त्यांचा समज झाला असावा. त्यांची निराशा करणे भाग पडले. या नावातला विनोद हसण्याचा नव्हे. संस्कृतात विनोद म्हणजे मन रमविणे, आणि मत्स्यविनोद म्हणजे गळ टाकून मासे धरण्यात राजाने घालविलेली दुपार. फराळाच्या ताटाशेजारी मासळीचा विषय काढल्याबद्दल ज्या घरांत हे चालत नाही त्यांनी क्षमा करावी. आमच्याही घरी आई सोमवारी आणि चतुर्थीला चुलीवर मासा चढू देत नसे, पण मासळीच्या गोष्टींना तिची कधी मनाई नव्हती.

हे प्रकरण 'मानसोल्लास' या ग्रंथातले. ग्रंथकर्ता स्वतः राजा होता : कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर. त्याचा राज्यकाल इसवी सन ११२६ ते ११३८ असा सांगतात, आणि ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा मानतात. येथे आमच्या लोकलच्या प्रवाशांनी घाई करू नये. हे कल्याण आपले जंक्शनचे नव्हे, ते बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मी मात्र हे प्रकरण बदलापूरला, उल्हास नदीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर बसून वाचले. कुठे बसून वाचले याला या लेखात थोडे महत्त्व आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ग्रंथाची रचना मोठी ऐसपैस आहे. पाच विभाग, प्रत्येकात वीस प्रकरणे, एकूण शंभर. राज्य कसे मिळवावे, मिळालेले कसे टिकवावे, मग उपभोग, मग विनोद, आणि शेवटी क्रीडा. राजाला एवढे विषय कसे सुचले असे आपण म्हणतो, पण राजापाशी वेळ असतो आणि सांगणारी माणसे असतात. या सांगणाऱ्या माणसांकडे मी पुढे येणार आहे. हत्ती, घोडे, पक्षी, मृगया, गाणे, वाद्य, चित्र, स्वयंपाक, सारे काही येथे आहे. इडलीची पूर्वज येथे सापडते म्हणून खाद्यपदार्थांवर लिहिणारे वर्षातून एकदा तरी सोमेश्वराचे नाव घेतात. शेतातले उंदीर भाजून खाण्याची कृतीही याच स्वयंपाकघरात आहे, पण ती सांगण्याचा उत्साह फारसा कुणी दाखवीत नाही.

मराठी माणसाला या ग्रंथाची ओळख आहे ती निराळ्याच कारणाने. मराठी भाषा किती जुनी हे सांगताना अक्षीचा शिलालेख येतो, श्रवणबेळगोळ येते आणि लगोलग 'मानसोल्लास' येतो, कारण त्याच्या संगीताच्या भागात मराठीतल्या काही ओळी आहेत. त्या दशावतारांच्या स्तुतीच्या आहेत, आणि त्यांत पहिला उल्लेख आहे मत्स्यावताराचा, पाताळातून वेद वर आणणाऱ्या माशाचा. मला या योगायोगाची मोठी गंमत वाटते. त्या एका माशासाठी आमच्या भाषेच्या इतिहासकारांनी हा ग्रंथ पुन्हा पुन्हा उघडला. त्याच ग्रंथात समुद्रातले आणि नदीतले मिळून पस्तीसेक जातींचे मासे पोहत आहेत, त्यांच्याकडे मात्र कुणी वाकून पाहिले नाही. वेद आणणारा मासा तेवढा आमचा, गळाला लागणारा कुणाचाच नाही.

आणि ग्रंथ काही दुर्मिळ नव्हता. गो. के. श्रीगोंदेकर या मराठी माणसानेच तो संपादित केला आणि बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचे तीन खंड १९२५, १९३९ आणि १९६१ साली निघाले. या प्रकरणावर पहिला सविस्तर निबंध १९५१ साली लिहिला तो मात्र सुंदरलाल होरा यांनी. ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक आणि माशांचे मोठे जाणकार होते. एका प्राणिशास्त्रज्ञाला संस्कृत ग्रंथाचे ते पान उघडावेसे वाटले. वाङ्मयाच्या माणसांना ते वाङ्मय वाटलेच नाही. माझे म्हणणे असे की ते वाङ्मय आहे, चांगल्यापैकी आहे, आणि त्यात एक मोठी उणीव आहे. वाङ्मय म्हणून वाचल्याशिवाय ती उणीव दिसणार नाही.

आधी गुण. माशांविषयी आपल्याकडे जुने लिखाण नाही असे नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पाठीन, रोहित, राजीव, सिंहतुण्ड अशी नावे येतात आणि खवले असलेले सारे मासे येतात, पण प्रश्न एकच : खावा की खाऊ नये. स्मृतिकाराने मासा पाहिला तो ताटात. संतांनी पाहिला तो पाण्याबाहेर. तुकोबांची तळमळणारी मासोळी कुठल्या मराठी माणसाला ठाऊक नाही? आमिषाला भुलून गळ गिळणारा मीन तर परमार्थाच्या उपदेशात पिढ्यान्‌पिढ्या राबतो आहे. ती तळमळ खरी आहे, आणि सोमेश्वराच्या साऱ्या प्रकरणात तिचा मागमूस नाही, हेही मान्य केले पाहिजे. पण ती मासोळी कोणत्या जातीची, ती काय खाते, डोहात राहते की धारेला, हे विचारण्याचे संतांना कारण नव्हते. पाण्याच्या आत, आपल्या घरी, आपल्या भुकेसह असलेला मासा पाहायचा तर सोमेश्वराकडेच यावे लागते.

तो माशांची वाटणी करतो. अंगावर खवले असलेले आणि नुसत्या कातडीचे. समुद्राचे आणि नदीचे. मोठे, मध्यम आणि लहान. मग कोणाला काय रुचते ते सांगतो. कुणाला पिठाचे आणि भाताचे गोळे, कुणाला मांस. हे खाद्य ठराविक जागी घालीत राहायचे, मासा त्या जागेला सरावला की मग गळ घेऊन बसायचे. काठी, दोरी आणि गळ यांचे तपशील येतात. हे वाचताना मला शास्त्रापेक्षा लिहिणाऱ्याची सबुरी अधिक जाणवली. माशाला आधी पाहुणा करायचा आणि नंतर पकडायचा, ही कल्पना क्रूर आहे खरी, पण तिच्यासाठी त्या पाण्यापाशी पुष्कळ दिवस बसावे लागते, आणि पुष्कळ दिवस बसलेल्या माणसाची भाषा आपोआप नेमकी होते. अलंकारांनी गजबजलेल्या त्या काळच्या संस्कृतात असे कोरडे, मोजके, डोळ्यांनी पाहून लिहिलेले लिखाण वाचताना जिभेला बरे वाटते. जडजड फराळानंतर ताकाचा घोट घ्यावा तसे.

आता उणीव. या साऱ्या प्रकरणात माणूस नाही. काठी धरावी, आमिष लावावे, खाद्य टाकावे, ओढावे. कुणी? शास्त्रग्रंथाची ही रीतच आहे, त्यात सारी क्रियापदे अशी निनावी असतात, असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण भाताचे ते गोळे रोज पहाटे नदीवर कोण नेत असेल? कोणत्या वळणावर पाणी खोल आहे आणि तेथे काय राहते, हे राजाला प्रथम कोणी सांगितले? राजाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असेल, पण कुठे पाहावे हे दाखविणारे बोट दुसऱ्या कुणाचे असणार. त्या बोटाची एकच खूण ग्रंथात राहून गेली आहे, आणि ती म्हणजे माशांची नावे. त्यांतली कित्येक आपल्या ओळखीच्या संस्कृतात बसत नाहीत. ती कोशांतून आलेली दिसत नाहीत, काठावरून आलेली दिसतात, कुणा धीवराच्या तोंडची. राजाने त्यांना विभक्ती लावून श्लोकात बसविले. होरांनी आठशे वर्षांनी त्यांचा आजच्या जातींशी मेळ घालण्याचा खटाटोप केला. त्या नावांचा मूळ मालक मात्र ग्रंथाच्या दाराबाहेरच उभा राहिला.

तो आत येऊ शकतो, आणि आल्याने ग्रंथाचे काही बिघडत नाही, याचे उदाहरण फार दूरचे आहे. १८०० सालच्या मार्च महिन्यात हुम्बोल्ट हा जर्मन प्रवासी दक्षिण अमेरिकेत, आजच्या व्हेनेझुएलातल्या कालाबोसो गावाजवळ, ओरिनोकोच्या खोऱ्यात होता. त्याला विजेचा धक्का देणारे वामीसारखे मासे हवे होते. ते हाताने धरण्याची सोय नाही. तेथल्या आदिवासींनी त्याला म्हटले, आम्ही घोड्यांनी मासे धरतो, आणि खरोखरच तीसेक घोडे आणि खेचरे त्या गढूळ डबक्यात घातली. मासे घोड्यांच्या पोटांना भिडून आपली वीज खर्च करीत राहिले. काही घोडे बुडाले. मासे थकून काठाशी आले तेव्हा त्यांना दोरीच्या लहान भाल्यांनी बाहेर ओढले. हे दृश्य पुढे इतके अद्भुत वाटले की दोनशे वर्षे पुष्कळांनी ते थापेत काढले. २०१६ साली केनेथ कटानिया या अमेरिकन संशोधकाने हे मासे पाण्याबाहेर झेप घेऊन धक्का देतात असे प्रयोगाने दाखविले, तेव्हा हुम्बोल्टची अब्रू भरून आली. पण मला त्या वर्णनात महत्त्वाचे वाटते ते असे की, ही युक्ती आपली नव्हे, तेथल्या माणसांची आहे, हे तो सांगतो. त्यांचा त्या रीतीसाठीचा शब्दसुद्धा नोंदवितो. तो शब्द मूळ आला आहे पाण्यात टाकून मासे गुंगविण्याच्या मुळीवरून.

मुळीचे वाचताच मी पुस्तक मिटले होते. कारण ती रीत मला ओरिनोकोहून जवळच्या ठिकाणी माहीत होती. बदलापूर हे गाव होते त्या काळात, म्हणजे साठ वर्षांमागे, उल्हासच्या काठच्या कातकरवाडीतले एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे पावसाळ्याआधी कुडाच्या कामाला येत. आम्ही मुले त्यांना बाबा म्हणत असू. वैशाखात नदीची धार बारीक होऊन डोह सुटे पडत, तेव्हा गेळाची फळे किंवा रामेठ्याचा पाला ठेचून डोहाच्या पाण्यात घालीत. थोड्या वेळाने मासे गुंगून वर येत. बाबा मोठे तेवढे उचलीत. बारक्यांना हाताने वाहत्या पाण्याकडे लोटीत. "बाराला काय खातां? त्यास्नी मोठं होऊ द्या की," असे काहीसे ते म्हणत. त्यांचे बोल मला नीट आठवतात असा दावा मी करीत नाही, हाताची ती लोटण्याची चाल मात्र स्पष्ट आठवते. मला त्यांनी गळाला गांडूळ लावायला शिकविले. पाग टाकायलाही शिकविले, पण तो माझ्या हातून कधीच गोल पडला नाही. काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेले ते जाळे त्यांच्या हातून सुटले की पाण्यावर ताटासारखे उघडे. माझ्या हातून ओल्या पंचासारखे पडे.

मरळ, शिंगटी, वाम, शिवडा, दांडवण, मळ्या. ही नावे मी त्यांच्याकडून घेतली. आणखी निदान दहा होती. ती गेली. मी शाळेत संस्कृत शिकलो, मत्स्य, मीन, झष, शफरी असे माशाचे पर्याय पाठ केले, आणि तेवढ्या वेळात ती दहा नावे डोक्यातून निघून गेली. 'मत्स्यविनोद' वाचताना मला राजाचा राग येऊ लागला होता, तो येथे थांबला. त्याने निदान नावे तरी लिहून ठेवली. मी तेवढेही केले नाही.

अंबरनाथचे शिवमंदिर वाचकांनी पाहिले असेल, निदान चित्रात तरी. शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलालेख तेथे आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा. सोमेश्वराच्या ग्रंथाआधी सुमारे सत्तर वर्षे हे देऊळ उभे राहिले, वालधुनीच्या काठी. त्या दगडांवर इतके लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण नऊशे वर्षे देवळाच्या पायाशी वाहणाऱ्या त्या लहानशा नदीत कोणते मासे होते, याचे एक पान मराठीत मी तरी वाचलेले नाही. लहानपणी शिवरात्रीच्या जत्रेला गेलो की आम्ही वालधुनीत पाय सोडून बसत असू आणि बारीक मासे पायाला टोचत. पुढे कारखाने वाढले. अंबरनाथपासून उल्हासनगरातून कल्याणकडे जाताना ही नदी रसायनांनी काळी झाली, आणि मधली काही वर्षे जीन्स धुण्याच्या पाण्याने निळी वाहताना आगगाडीच्या खिडकीतून सर्वांनी पाहिली आहे. आता तेथल्या माशांची नावे विचारायची तर विचारणार कुणाला? राजाने जी वाटणी केली, समुद्राचे आणि नदीचे, तिच्यात आम्ही तिसऱ्या पाण्याची भर घातली. त्यात काहीच राहत नाही.

उल्हासनगरचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कल्याण कॅम्पातल्या निर्वासितांच्या वसाहतीला हे नाव मिळाले ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी, राजगोपालाचारींच्या हस्ते, आणि नाव दिले ते शेजारच्या नदीवरून. तेथे आलेली सिंधी माणसे नदीचीच माणसे. त्यांच्या झूलेलालाची तसबीर पाहा : सिंधू नदीच्या पाण्यावर, पल्ला माशांच्या सोबतीने बसलेले दैवत. पल्ला म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ज्याला पाला म्हणतात तो. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालण्यासाठी चढतो. सक्कर येथे सिंधूच्या बेटावर जिंदा पीराचे स्थान आहे, तेथवर पोहत जाऊन पल्ला त्याला वंदन करतो आणि मगच माघारी वळतो, अशी तिकडची समजूत. १९५५ साली खाली कोट्रीला बंधारा झाला आणि पल्ल्याची वर जाण्याची वाट तुटली. म्हणजे माणसे इकडे आली आणि काही वर्षांत तिकडे मासाही पीरापर्यंत जाईनासा झाला. पण उल्हासनगरच्या दुकानादुकानात, गल्ल्याच्या वर, अगरबत्तीच्या धुरात तो मासा अजून पोहतो आहे, आणि घरातल्या पोराला त्याचे नाव ठाऊक असते. नदी सुटली, पण नाव सुटले नाही. आमची नदी उशाशी आहे.

मराठी ललित लेखकांकडे वळलो तर काय दिसते? समुद्र दिसतो. कोळीगीतांनी, कथांनी आणि चित्रपटांनी होडी, डोल आणि पापलेट घरोघर पोचविले. नदी आली ती घाट, पूर, माहेर आणि अस्थिविसर्जन यांसाठी. गोनीदांनी 'माचीवरला बुधा' लिहिली ती राजमाचीवर. त्याच डोंगरांच्या घळींत उल्हासचा जन्म आहे. दांडेकरांसारखा पायी हिंडणारा लेखक नदीच्या उगमाशी उभा राहिला. पण त्या कादंबरीचे मन माचीवर गुंतले आहे, पाण्यामागे खाली उतरणे हे तिचे काम नव्हते. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या तळ्याकाठी राहून रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले, आणि ते कुणाकडून घेतले हे मोकळेपणाने सांगितले. मराठीत सोमेश्वराची उणीव भरून काढणारी वृत्ती मला दिसते ती तेथे. पक्ष्यांना आणि झाडांना त्यांच्यामुळे मराठीत घर मिळाले. पण नवेगाव राहिले पूर्वेच्या टोकाला. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या नद्यांना तसा कान मिळाला नाही. लेखक नव्हते असे कोण म्हणेल? डोंबिवलीपासून बदलापूरपर्यंत लेखकांचा तुटवडा कधी नव्हता. आम्ही सारे सव्वानऊच्या गाडीत होतो.

उल्हासचे मोठे कौतुक असे की ती अजून आहे. पूर्वी उन्हाळ्यात आटत आलेली ही नदी आता बारमाही वाहते, कारण १९२२ पासून भिवपुरीच्या वीजघरातून निघालेले, घाटावरच्या आंध्रा नदीचे अडविलेले पाणी तिच्यात येते, आणि पुढे ते बदलापूरपासून खालच्या शहरांना प्यायला मिळते. कधी ती आपण होऊन भेटीला येते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये तिने महालक्ष्मी एक्सप्रेस अडविली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी काढावे लागले, ते सर्वांना आठवत असेल. तिच्यात मासे आहेत. पण कोणते? बदलापूरच्या बाजारात हल्ली टोपलीत चिलापी अधिक, आणि ती आफ्रिकेची. तिच्याशेजारी पापलेटसारखा दिसणारा एक चपटा तळ्यातला मासा रूपचंद म्हणून मिळतो. रूपचंद! एखाद्या सावकाराचे असावे असे हे नाव. हा मूळचा अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला, पुराच्या दिवसांत बुडालेल्या रानातली पडलेली फळे आणि बिया फोडून खाणारा, म्हणून त्याचे दात माणसासारखे. हुम्बोल्टला ज्या पाण्यासाठी महासागर ओलांडावा लागला, त्या पाण्यातला मासा आता बर्फावर पडून आमच्या स्टेशनाबाहेर विकला जातो. मला त्याचा राग नाही, तो चवीला बरा आहे आणि स्वस्त आहे. पण त्याला नवे मराठी नाव मिळायला थोडीशी वर्षे पुरली, आणि आमच्या जुन्यांची नावे तेवढ्याच वर्षांत गेली, हे हिशेबाला बसत नाही.

एवढे सारे मनात घोळत होते म्हणून गेल्या ज्येष्ठात मी एक उद्योग केला. 'मत्स्यविनोदा'तल्या वाटणीचा मराठीत कच्चा उतारा वहीत केला आणि वलगणीच्या दिवसांत स्टेशनाबाहेर घमेले घेऊन बसणाऱ्या एका कातकरी आजीबाईंपाशी गेलो. ज्यांना वलगण माहीत नाही अशा घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो : पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्यांतून, चरांतून, थेट भातशेतांत चढतात, अंडी घालण्यासाठी. त्या एकदोन रात्री कर्जत, बदलापूर, मुरबाडकडची माणसे कंदील, आता बॅटऱ्या, घेऊन बांधाबांधाने फिरतात. गाभोळीने भरलेला तो मासा फार चवदार असतो. त्याला त्या वेळी धरावे की सोडावे यावर आमच्या घरात दर वर्षी वाद होतो आणि कालवण संपेपर्यंत चालतो.

आजीबाईंना मी सांगितले की फार पूर्वी एका राजाने मासे कसे वाटले ते ऐका. खवल्यांचे आणि कातडीचे. त्यांनी मान हलविली. मोठे, मध्यम, लहान. त्यावर त्या हसल्या. मासा काय लहानाचा मोठा होत नाही का, म्हणाल्या. नदीचे आणि दर्याचे. "बरं. आन् चढनारं?" मी म्हटले, म्हणजे? त्या म्हणाल्या, आधी ते बघायचे. पहिल्या पावसाला कोण शेतात चढतो आणि कोण डोह सोडीत नाही. चढणारा किती रात्रींनी उतरतो. खवले मागून बघता येतात.

म्हणजे नदीकडे पाहण्याची एक सबंध रीत राजाच्या वाटणीत नव्हती, निदान पहिल्या जागी नव्हती. राजाने मासा काठावर बसून पाहिला, जेथे तो स्वतः खाद्य घालीत होता. त्याने माशाला एका जागी यायला शिकविले आणि मग तो एका जागी कसा असतो ते लिहिले. आजीबाईंचा मासा जागेवर नसतोच. त्यांच्या वाटणीत पाऊस आहे, रात्र आहे, शेत आहे, येणे आणि जाणे आहे. सोमेश्वराच्या प्रकरणावर टीका म्हणून यापेक्षा नेमके काही मी कुठल्या निबंधात वाचलेले नाही. होरांनीही नावे जुळविली, आजीबाईंनी वाटणीचे सूत्रच बदलले.

मी वही पुढे केली आणि म्हटले, आजी, तुमच्या घमेल्यातल्यांची नावे सांगा, लिहून घेतो. त्यांनी घमेल्यावरचे पळसाचे पान बाजूला केले. दोन दांडवण होते, एक शिंगटी, आणि तळाशी बोटाएवढा, अंगावर आडवे पट्टे असलेला एक, जो मी लहानपणी शंभरदा पाहिला होता आणि ज्याचे नाव मला येत नव्हते. त्यांनी ते सांगितले. गाडीची घोषणा चालू होती, मला नीट ऐकू आले नाही. मी पुन्हा विचारले. त्यांनी पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगावे तसे, आणि मग विचारले, "घेनार हाव का नुस्तं लिवनार?"

घेतले. अर्धा पाव तोलाचे चाळीस रुपये झाले. नाव वहीत आहे, पण ते 'ड' की 'ढ' याची अजून खात्री नाही. येत्या ज्येष्ठात पुन्हा विचारायचे आहे.